स्टेनोच्या वहीत सापडलेला दशावतार

पिटमनच्या लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडमध्ये, 'कोकण' लिहायला पेन्सिल एकदाही उचलावी लागत नाही. क साठी बारीक आडवी रेघ, तिलाच जोडून दुसऱ्या क ची तेवढीच रेघ, आणि टोकाला खालच्या अंगाला वळणारा छोटा आकडा म्हणजे न. ओकाराची खूण वेळ असेल तर द्यायची, नसेल तर सोडून द्यायची. शब्द ओळीवर टेकलेला असला की पहिला स्वर ए-ओ च्या घरातला आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. ओळीच्या वर असता तर आ, ओळ छेदून गेला असता तर ई किंवा ऊ. म्हणजे स्वर लिहिलाच नाही, तरी शब्द कुठे बसला यावरून तो अर्धा सांगून झाला! पहिल्यांदा हे समजलं त्या दिवशी मी वर्गातून घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मनातल्या मनात रेघांनी लिहीत आले होते.

१ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेरी म्हटली की साहेब आणि साहेबांना स्टेनो. आमच्या कुडाळ-कणकवलीकडच्या बारावी झालेल्या मुलींना तेव्हा घरून एकच सल्ला मिळायचा, टायपिंग आणि शॉर्टहँड करून ठेव. मी तो ऐकला. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत, पुढच्या खोलीतल्या यंत्रांचा खडखडाट चालू असताना, सर घड्याळ हातात धरून डिक्टेशन द्यायचे. आधी साठचा स्पीड, मग ऐंशी, मग शंभर, मग एकशेवीस. साधं लिहिताना मिनिटाला वीस-पंचवीस शब्द होतात. एकशेवीसला पोचेपर्यंत हात वेगळाच कुणाचा तरी झालेला असतो. पुढे ओरोसच्या एका कचेरीत नोकरी लागली, ती निवृत्तीपर्यंत. पण आज लिहायचंय ते नोकरीबद्दल नाही.

परीक्षेसाठी शिकत होते तोवर लघुलिपी म्हणजे पाठ करायच्या रेघा होत्या. तिच्यामागे काय विचार आहे हे मला बऱ्याच उशिरा दिसलं, आणि ते दिसल्यावर मी या विषयात कायमची अडकले.

पिटमनची व्यंजनं या क्रमाने येतात: प ब, ट ड, च ज, क ग. प ची तिरकी रेघ बारीक, ब ची तीच रेघ ठळक. ट ची उभी रेघ बारीक, ड ची ठळक. म्हणजे अघोष वर्ण (म्हणताना गळा थरथरत नाही तो) असेल तर लाइट, घोष (थरथरतो तो) असेल तर हेवी. आता आपली शाळेतली वर्णमाला उलटीकडून म्हणा. प वर्ग, त-ट वर्ग, च वर्ग, क वर्ग. ओठ, दात, टाळू, घसा. आयझॅक पिटमन हा इंग्लंडमधला शाळामास्तर. त्याने १८३७ साली चार पेन्सची एक छोटी पुस्तिका काढली. इंग्रजी स्पेलिंग बाजूला सारून कानाला जे ऐकू येतं तेच लिहायचं, हा तिचा पाया होता. ते करायला बसल्यावर त्याला ध्वनींची मांडणी करावी लागली, आणि ती मांडणी शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी, म्हणजे उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांनी, आपल्याकडे कितीतरी शतकं आधी केलेलीच होती. मुळाक्षरं घोकताना आपण जी रांग म्हणतो ती मुळात तोंडाचा नकाशा आहे. इंग्रज मुलाला ए-बी-सी-डी मधून हे कधीच कळणार नाही. आपल्या मुलाला ते पहिलीतच हातात मिळतं, फक्त कुणी सांगत नाही.

स्वरांचंही तेच. व्यंजनांचा सांगाडा आधी काढायचा आणि ठिपके-डॅश मागाहून त्याच्या आजूबाजूला द्यायचे, ही पिटमनची रीत काना-मात्रा-वेलांटीच्या माणसाला परकी वाटतच नाही. मराठी मुलं शॉर्टहँडचे पहिले धडे झटपट उचलतात असं आमचे सर म्हणायचे. त्याचं कारण हेच असावं, असं मला वाटतं.

अडचण पुढे येते. इंग्रजीला एका जागी दोनच वर्ण पुरतात, बारीक आणि ठळक. आपल्याला क ख ग घ असे चार लागतात, शिवाय त आणि ट वेगळे, न आणि ण वेगळे, ल आणि ळ वेगळे. रेघेची जाडी दोनच प्रकारची असू शकते. म्हणून भारतीय भाषांसाठी ज्यांनी ज्यांनी लघुलिपी बसवली त्या सगळ्यांना जास्तीच्या खुणांची सोय करावी लागली, आणि वेगात लिहिणाऱ्याने नेमक्या त्याच खुणा आधी गाळल्या. 'मळ, माळ, मूळ, मेळ, मोल, मल' हे सगळे घाईत लिहिलेल्या वहीत जवळजवळ सारखे दिसतात. तरी स्टेनो वाचते. मागचापुढचा शब्द, विषय, बोलणाऱ्याची सवय, असं सगळं जमेला धरून वाचते. रवींद्रनाथ टागोरांचे थोरले बंधू द्विजेंद्रनाथ यांनी बंगालीसाठी लघुलिपी रचली, १९१२ मध्ये तिचं पुस्तकही निघालं. तत्त्वज्ञ, कवी, गणिताची आवड असलेला असा माणूस उतारवयात या रेघांत का रमला असेल, हे मला तरी अगदी समजतं.

लघुलिपीच्या जुन्या पुस्तकांचा माझा संग्रह सुरू झाला तो सावंतवाडीच्या एका रद्दीच्या दुकानातून. पिटमनच्या जन्मशताब्दीला, १९१३ साली, त्याच्या पद्धतीची शताब्दी आवृत्ती निघाली आणि १९२२ मध्ये 'न्यू इरा' आली. आम्ही शिकलो ती न्यू इरा. जुनी प्रत हाती आली आणि दोन्ही शेजारी ठेवून बघता बघता रात्र झाली. मग मुंबईला गेलं की फोर्टातले पदपथ, पुण्याला गेलं की अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं. ग्रेगचं पुस्तक असंच मिळालं. जॉन रॉबर्ट ग्रेगने १८८८ मध्ये लिव्हरपूलला आपली पद्धत छापली आणि पुढे अमेरिकेत नेली. तिच्यात जाड-बारीक काहीच नाही. क ची कमान आखूड, ग ची तीच कमान लांब. र आखूड, ल लांब. आणि स्वर शब्दाच्या आतच, लहान-मोठी वर्तुळं आणि आकडे होऊन बसलेले. दिसायला ती फार देखणी आहे. निवृत्तीनंतर मी ती शिकायला घेतली आहे आणि रोज सकाळच्या प्रादेशिक बातम्या तिच्यात उतरवते. बॉलपेनने लिहायला ग्रेग सोयीची, हे खरं. बॉलपेनला जाड रेघ काढता येत नाही, पिटमनला पेन्सिल किंवा लवचिक निबच हवं. माझं प्रेम मात्र पिटमनवरच आहे. एकाच रेघेवर जरासा दाब वाढवला आणि प चा ब झाला, यातली अचूकता ग्रेगमध्ये नाही.

कोकणात कागद सांभाळणं हे वेगळंच काम आहे. जून लागला की कपाटात भुरी धरते, कसर बांधणीतला गोंद खाते, आणि भिंतीला टेकलेलं पुस्तक श्रावणापर्यंत भिंतीचंच होऊन जातं. मी एका लाकडी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवते, पावसाळाभर. वेखंडाच्या कांड्या, कडुलिंबाचा वाळका पाला, भिंतीपासून चार बोटं अंतर. एका वर्षी कौल सरकून ट्रंकेत पाणी गेलं, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं नाव, गाव, तारीख वाहून निळा डाग झाला होता. आत पेन्सिलीने घेतलेलं डिक्टेशन जसंच्या तसं. शिसं पाण्यात विरघळत नाही. स्टेनो पेन्सिल वापरायचे ते जाड-बारीक रेघेसाठी, पण त्यामुळेच त्यांच्या वह्या आमच्या हवेत टिकल्या.

इतिहास वाचायला लागलं की मागे मागेच जावं लागतं. रोमन वक्ता सिसेरोचा गुलाम टायरो, ज्याला पुढे मुक्त केलं, त्याच्या नावाने रोमन लघुखुणा ओळखल्या जातात. 'आणि' साठीची त्याची खूण आयर्लंडमध्ये पाट्यांवर अजूनही दिसते. इंग्लंडमध्ये टिमथी ब्राइटने १५८८ मध्ये पाचशेहून जास्त खुणांची पद्धत काढली, जी पाठ करणंच मुश्कील. मग १६०२ मध्ये जॉन विलिसने वर्णांवर आधारलेली पद्धत दिली आणि तिथून रस्ता मोकळा झाला. थॉमस शेल्टनच्या पद्धतीत सॅम्युअल पेपीसने १६६० ते १६६९ पर्यंतची रोजनिशी लिहिली. पेपीस नौदलाच्या कचेरीत होता, त्यामुळे पोर्तुगीजांनी आंदण दिलेल्या मुंबई बेटाचा विषयही तिच्यात येतो. आपल्या किनाऱ्याबद्दल लंडनमध्ये काय बोललं जात होतं ते लघुलिपीत नोंदलेलं आहे, याचा मला भारी आनंद झाला होता. ही रोजनिशी केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात होती. जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षं खपून ती उलगडली. शेल्टनचं पुस्तक, म्हणजे त्या लिपीची किल्लीच, पेपीसच्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत होती. स्मिथला ते माहीत नव्हतं.

डिकन्सचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. तो तरुणपणी गर्नीची पद्धत शिकला, संसदेत वार्ताहर होता, आणि पुढे त्याने तिच्यात स्वतःच्या खुणा घातल्या. त्याचं १८५९ मधलं एक पत्र कुणालाच वाचता येत नव्हतं. शेवटी अभ्यासकांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २०२२ मध्ये जगभरच्या हौशी लोकांनी मिळून त्यातलं बरंचसं वाचलं. इतक्या मोठ्या लेखकाचं पत्र दीडशेच्या वर वर्षं मुकं राहिलं, ते त्याच्या खाजगी खुणांमुळे.

मोडीला अनेकजण आपली जुनी लघुलिपी म्हणतात. मला ते पटत नाही. मोडीचे वर्ग मी केले आहेत, घरातले जमिनीचे दोन दस्त अडखळत का होईना वाचले आहेत. पानभर शिरोरेघा आधी ओढून घ्यायच्या आणि बोरू न उचलता अक्षरं लोंबत न्यायची, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. यात हाताची धावपळ वाचते. पण प्रत्येक अक्षर लिहावं लागतंच. लघुलिपी अक्षरच टाकून देते आणि ध्वनी धरते. मोडी कागदांतले संक्षेप मात्र टायरोच्या जवळचे आहेत. 'रा. रा.', 'सा. न. वि. वि.', 'ति. स्व.', 'मु. पो. ता.' हे लिहिताना आपल्या आजोबांनी जे केलं, तेच रोमन कारकुनाने केलं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते.

आमच्या भागातल्या एका कोर्टात पूर्वी स्टेनो असलेले एक गृहस्थ, आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीने माळ्यावरच्या वह्यांचा गठ्ठा मला आणून दिला. "मावशी, तुम्ही वाचू शकलात तर बघा, नाहीतर रद्दीतच जातील." बहुतेक कोर्टाचीच डिक्टेशनं. 'सदरहू इसम', 'मजकूर गावी', 'मेहेरबान कोर्टास विनंती की', हे त्यांनी एकेका रेघेत बसवलेलं. साक्षीदार मालवणीत बोलायचा, "माका काय ठावक नाय", आणि साहेब डिक्टेट करायचे "मला काही माहीत नाही". वहीत साहेबांचंच वाक्य. साक्षीदाराचा आवाज तिथेच संपायचा. हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं, ऐकलं, आणि दर वेळी मला वाटायचं की आपली लिपी कानाची आहे, आपण त्याचं वाक्य त्याच्या उच्चारासकट घेऊ शकतो.

गठ्ठ्यातल्या एका वहीवर '१९७४' एवढंच लिहिलेलं. पहिली पानं नाहीत. बाकीच्या पानांवर डाव्या बाजूला एक रेघ आखून तिच्या अलीकडे छोटे छोटे शब्द, पलीकडे मजकूर. कोर्टाचा मजकूर असा मांडत नाहीत. 'धिक्कार', 'महाराज', 'वनात', 'तपश्चर्या' असे शब्द दिसायला लागले. स्वर जवळजवळ कुठेच नाहीत, मोठ्या वेगात घेतलेलं. मग लक्षात आलं, हे दशावताराचे संवाद आहेत. हा माणूस दिवसा कोर्टात बसून रात्री जत्रेला जायचा आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक उतरवून घ्यायचा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार हे लोकनाट्य होतं. आधी आडदशावतार, त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, संकासूर. मग आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी कथा. साथीला पखवाज, झांज, पायपेटी. पण संवादाची लिखित संहिता नसते. आख्यानाचा आराखडा ठरतो आणि कलाकार रंगमंचावर उभे राहून बोलतात, एकमेकांना उत्तरं देतात, शब्दाला शब्द लावतात. दुसऱ्या रात्री तेच आख्यान वेगळ्या शब्दांत. त्या काळी टेपरेकॉर्डर किती जणांकडे होता? १९७४ सालच्या एखाद्या रात्री एखादा राजा नेमकं काय बोलला, हे कुठेच राहिलेलं नाही. इथे राहिलंय, एका कोर्टाच्या स्टेनोच्या पेन्सिलीत.

वाचणं अवघड होतं. डावीकडची नावं म्हणजे बोलणारी पात्रं, हे कळलं. त्यात एक नाव पुनःपुन्हा येत होतं, क-र-त, ओळ छेदून गेलेलं. म्हणजे पहिला स्वर इ-ई च्या नाहीतर उ-ऊ च्या घरातला. कीर्ती? तसं एखादं स्त्रीपात्र असतं का ते मला माहीत नव्हतं. शेवटी वेंगुर्ल्याकडच्या एका वयस्क दशावतारी कलाकारांकडे, तात्यांकडे, वही घेऊन गेले. त्यांना लघुलिपी येत नाही, डोळ्यांनीही कमी दिसतं. मी म्हटलं, मी सांगाडा वाचते, तुम्ही ऐका. दोन वाक्यं वाचली. "श-र माझा, म्हणून श-क-र माझी." त्यांनी पुढचं वाचूच दिलं नाही.

"अगो बाय, डुकरासाठी भांडतत ते! अर्जुन नि शंकर. तुझो तो क-र-त म्हंजे किरात."

शर माझा, म्हणून शिकार माझी. रानडुकराला बाण कुणाचा लागला यावरून अर्जुन आणि किरातवेषातला शंकर यांचं भांडण. त्यानंतर पुढची पानं भराभर उलगडली. मी व्यंजनं म्हणायची, तात्यांनी त्यात स्वर भरायचे. ते नुसते शब्द सांगत नव्हते, त्या त्या पात्राच्या आवाजात म्हणत होते, आणि तो आवाज चढला-उतरला की मला वहीतली रेघ का लांबली आहे, कुठे वाक्य तुटलं आहे ते समजत होतं. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, "ह्या वाक्य मी नाय म्हणाचंय. ह्या दुसऱ्याचा, त्याची तशीच सवय." अर्जुन कोण करत होता, हे त्यांना शब्दांच्या ठेवणीवरून ओळखता आलं. मी नाव विचारून लिहून घेतलं आहे. त्या कलाकाराच्या घरच्यांना दाखवल्याशिवाय ते इथे देणार नाही.

पेपीसच्या रोजनिशीची किल्ली कपाटात होती. या वहीची किल्ली एका म्हाताऱ्या माणसाच्या कानात होती. पुस्तकं मिळतात, स्कॅनही मिळतात. आख्यानं तोंडपाठ असलेली आणि सत्तरच्या दशकातले स्टेनो कसे लिहायचे ते ठाऊक असलेली माणसं मात्र आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून मागणं आहे. तुमच्या घरात कुणी स्टेनो असतील, लघुलेखक, लघुटंकलेखक, कोर्टात, जिल्हा परिषदेत, बँकेत, वर्तमानपत्रात, तर त्यांच्या वह्या रद्दीत घालू नका. ते हयात असतील तर वही त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा. दहा पानं झाली तरी पुष्कळ. त्यांचे खास संक्षेप कोणते, 'सदरहू' ते कसं लिहितात, ख आणि घ दाखवतात की सोडतात, पद्धत इंग्रजी पिटमनची की मराठीची, कुठल्या सरांकडे शिकले, हे विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा. शाईने नको, पेन्सिलीने. ते हयात नसतील तर पानांचे फोटो काढताना उजेड बाजूने पडेल असं बघा. वरून फ्लॅश मारला की पेन्सिल चमकते आणि जाड-बारीक रेघेतला फरक जातो. तो फरक गेला की प आणि ब एक होतात, मग वाचणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

किराताचं आख्यान टाइप करून झालं आहे. त्याच्या पुढची चौदा पानं वेगळ्याच आख्यानाची आहेत आणि त्यांवर तात्याही अडले आहेत. एक राजा, एक ऋषी, आणि सतत येणारा स-त-व-न. सत्यवान असावा असं मला वाटतं. तात्या म्हणतात, सत्यवानाच्या आख्यानात इतका ऋषी बोलत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, पेडण्याकडच्या कुणाला असं आख्यान आठवत असेल तर कळवा. पानांचे फोटो पाठवते.